सहकारी स्वेटर

मुलुंडला थंडी पडते, यावर आम्हा मुलुंडकरांचा ठाम विश्वास आहे. डिसेंबरात दादरचा पाहुणा आला की आम्ही मुद्दाम खिडक्या लावून घेतो, "इथे डोंगर जवळ ना, तुमच्यासारखं नाही," असं म्हणतो आणि त्याच्या अंगावर एखादी शाल टाकतो. पाहुणा बिचारा घाम पुसत चहा पितो. हा विश्वास नसता तर आमच्या सोसायटीत विणकाम मंडळ निघालं नसतं. आणि मंडळ निघालं नसतं तर आमचे हे, ज्यांना ठाण्याच्या पुढे गेलं की परदेशात आल्यासारखं वाटतं, ते भर मे महिन्यात लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेले कोणाला दिसले नसते.

मंडळ मी काढलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे श्रेय घ्यायला असे लोक आले की ज्यांना सुई कुठल्या टोकाने धरतात तेही माहीत नव्हतं. माझा विचार साधा होता. दुपारच्या वेळी बायका जिन्यात उभ्या राहून बोलतात, त्याच बसून बोलल्या आणि बोलताना हाताला काम असलं तर काय बिघडलं? पण बसायचं म्हणजे हॉल हवा, आणि हॉल म्हटला की नाना आले.

नाना आमचे चेअरमन. सगळा जन्म सरकारी कचेरीत गेला, आणि निवृत्त झाल्यावर कचेरी त्यांनी सोसायटीत आणली. माझं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हॉल लग्न, मुंज, बारसं आणि दिवसकार्य यांसाठी आहे. विणकाम यात कुठे बसतं ते तुम्हीच सांगा."

"हळदीकुंकवात बसवा की."

"ते संक्रांतीपुरतं. तुम्ही नक्की विणणार काय?"

"सुरुवातीला टोपडी, मोजे. लहान मुलांचे."

नानांनी डोळे उघडले. "मग बारशात बसतं," म्हणाले.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी हॉलबाहेरच्या फळ्यावर 'आज बारसे' असं लिहिलेलं असे. एवढी बारशी होतात तरी सोसायटीत मुलं कशी दिसत नाहीत, असं पोस्टमनने मला एकदा विचारलंही. बी विंगमध्ये नव्याने लग्न होऊन आलेली सुलक्षणा तर फळा वाचून झबलं घेऊन आली. बाळ कुठे दिसेना, तेव्हा लाजून परत जायच्या ऐवजी ती खाली बसली आणि विणायला लागली. मला ती तेवढ्यावरूनच आवडली.

तळमजल्यावरच्या सोनूबाई आमच्यात वयाने मोठ्या. त्यांचं विणकाम इतकं घट्ट की त्यातून सुई काढायला दुसऱ्या कोणीतरी टोक धरावं लागे. सुलक्षणाचं याच्या उलट. तिच्या टाक्यांतून पलीकडचा माणूस ओळखू यावा. आणि दाराजवळ, वारा लागेल अशा जागी, अंजनाबाई बसायच्या. त्या आमच्याकडे मासळी घेऊन येतात. गुरुवारी आमच्या इमारतीत अर्ध्या घरांना मासळी चालत नाही, म्हणून त्यांना तो दिवस मोकळा. खाडीकाठची बाई, जाळी विणण्यात जन्म गेला असेल, हिला काय शिकवायचं, असं वाटून मी पहिल्या दिवशी त्यांना मोठ्या आदराने सुया दिल्या. त्या म्हणाल्या, "जाली आमचे बापये इनतान, बाय. मी म्हावरा इकते." आणि खरोखरच त्यांना काही येत नव्हतं. त्यांचे टाके दर ओळीला एक-दोन करून गळत, आणि त्या त्यांच्याकडे शिळ्या बोंबलाकडे पाहावं तसं पाहत.

मालन नंतर आली. ती आमच्या शेजारच्या दारात राहते. तिने टोपड्याला हात लावला नाही. पिशवीतून करड्या रंगाची जाड लोकर काढली आणि म्हणाली, "वैनी, माका मोठा काय ता शिकवा."

मोठं काही शिकायच्या आधी लहान शिकावं लागतं, असं मी तिला मंडळाची संस्थापक म्हणून समजावलं. ती मान हलवत राहिली आणि मोठंच विणत राहिली. पंधरा टाके पुढे गेली की दहा उसवायची. डोळे मिटत असले तरी सुया खाली ठेवायची नाही. विणकाम हा छंद आहे, मनाला विसावा मिळावा म्हणून असतो, असं मी दोनदा बोलून दाखवलं. ते तिने ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

तिचा नवरा काशीराम परळच्या एका गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. वर्षभर तो घरात होता, मग एकदम नोकरी लागली. "ऑफिसात. सुपरवायझर," असं त्याने जिन्यात सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून रोज दुपार कलली की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, ब्रीफकेस घेऊन तो बाहेर पडे. संध्याकाळी भरणारं ऑफिस कुठलं, असा प्रश्न नानांना पडला होता. परदेशाशी व्यवहार असतील, असं उत्तरही त्यांनीच काढलं होतं. घरी आल्यावर त्याच्या कपड्यांना मासळीचा वास यायचा म्हणावं, तर मालवणच्या माणसाच्या घरी मासळीचा वास आला यात शंका कोण घेणार?

चैत्रात मी आणि मालन गच्चीवर कुरडया घालत होतो. तिने एक कुरडई घातली, दुसरी अर्धीच घातली आणि थांबली.

"वैनी, तुमका एक सांगतंय. कोणाकडे बोलू नकात."

"नाही बोलत."

"तां ऑफिस नाय. नाहूराक मासळीचा कोल्ड स्टोरेज असा. थंय खोके उचलतत. आत गेला काय दात वाजतत. एकच कोट असा, तो सगळे आळीपाळीन घालतत, आणि तो पण ओलो."

खोकला कशाचा ते मला तेव्हा कळलं. महिनाभर भिंतीपलीकडून तो ऐकू येत होता, आणि मी त्याला विडी सोडायला सांगा असा निरोप ह्यांच्याबरोबर धाडला होता. काशीराम विडी ओढत नाही.

"डॉक्टर म्हणता, छाती गरम ठेवा, नायतर काम सोडा," मालन सांगत होती. "काम सोडून कसा चालतला? वैनी, ते वर्षभर भिंतीकडे बघीत बसलेले. जेवा म्हटला तर जेवत, निजा म्हटला तर निजत. परत तसां माका बघूचा नाय."

"मग विकतचा स्वेटर का नाही आणलास?"

विचारलं आणि माझं मलाच कळलं. स्वेटरवाले थंडीत फुटपाथवर बसतात. एप्रिलात दुकानात स्वेटर मागितला तर दुकानदार आधी आपल्या कपाळाला हात लावून बघेल.

"आणि बिल्डिंगीत कळला ना, तर ते उद्यापासून थंय पाय ठेवचे नाय," मालन म्हणाली. "तेंका वाटता मी टायमपास करतंय."

मी तिला शब्द दिला. शब्द पाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही. फक्त तो पाळताना मी काय करून बसेन याचा भरवसा कोणी देऊ नये.

पुढच्याच गुरुवारी सोनूबाईंनी मालनचं करडं विणकाम दोन्ही हातांनी वर धरलं. "काय गं हे? हत्तीची झूल?" म्हणाल्या. "कोणासाठी एवढं?"

सुलक्षणा हसली. "काशीरामभाऊंच्या ऑफिसात एसी असेल, नाही का गं मालनवहिनी?"

मालनच्या सुया थांबल्या. तिचा चेहरा असा झाला की आता ती सगळं सांगून टाकेल नाहीतर उठून जाईल. त्यात दाराजवळून अंजनाबाई घसा खाकरून म्हणाल्या, "त्यो काशीराम ना..." आणि मला आठवलं की ही बाई मासळी आणायला कुठेही जाते, नाहूरच्या गोदामातसुद्धा जात असणार.

"आमच्या ह्यांच्यासाठी आहे," मी म्हटलं. "बद्रीकेदारला निघालेत. मालनला मीच विणायला दिलाय."

बद्रीकेदारच का सुचलं, ते मला अजून सांगता येत नाही. थंड जागाच हवी होती तर महाबळेश्वर होतं, तिथे कोणी एवढं लक्ष दिलं नसतं. पण तोंडातून जाऊन बसलं होतं. अंजनाबाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, तोंडात आलेलं गिळलं आणि गळलेला टाका शोधायला लागल्या.

संध्याकाळी हे दळण घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली, पंखा मोठा केला, त्याखाली उभे राहिले आणि शांतपणे विचारलं, "मी कधी निघतोय?"

"कोण म्हणालं?"

"चक्कीवाला म्हणाला, माझ्यासाठी गंगाजल आणा. जिन्यात नाना म्हणाले, घोडं करू नका, डोली करा. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो."

मी त्यांना सगळं सांगितलं. आमचे हे भांडत नाहीत, त्यामुळे मला त्यांच्यापुढे फार जड जातं. त्यांनी पंखा बारीक केला, डबा काढला आणि पीठ भरायला घेतलं. मग म्हणाले, "रविवारी पत्ते खेळताना तो खोकायला लागला की मी पानं बघायचो त्याची. त्याच्या खोकल्यावर डाव जिंकलेत मी." आणि थोड्या वेळाने, "काशीरामला कळता कामा नये. त्याची नि माझी छाती साधारण सारखीच आहे. विणून होऊ दे, मग मला घट्ट होतो म्हणून देऊन टाकू. पण समजा खरंच जायची वेळ आली, तर तूही बरोबर यायचंस."

इथवर सगळं माझ्या हातात होतं. पण आमच्या सोसायटीत एखादी गोष्ट दोन दिवस एका घरात राहत नाही. जो तो ह्यांना सल्ला द्यायला लागला. खिशात कापूर ठेवा. कापूर ठेवू नका, आग लागते. रोज जिना चढा. नाना तर सकाळी ह्यांना हाताला धरून गच्चीपर्यंत नेऊन आणायचे, आणि वर पोचल्यावर "हे गौरीकुंड समजा" म्हणायचे. हे खाली आल्यावर बनियन पिळायचे. चारजणींनी देवाला वाहायला खण दिले. एका आजीने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव सांगितलं आणि तिथे पाणी सोडा म्हणाली. ती गेल्यावर हे म्हणाले, "आता हे पाप कुठे फेडायचं?" मी ते नाव लक्षात ठेवलं. पुढे नाशिकला भाची होती तिच्याकडून करवून घेतलं, पण तो वेगळा विषय.

मग नानांनी सभा घेतली. सोसायटीतून प्रथमच कोणी बद्रीकेदारला निघालंय, तेव्हा स्वेटर सोसायटीतर्फे द्यावा, असा ठराव मांडला. मी विरोध केला. "वैयक्तिक स्वेटर आहे," म्हटलं. नाना म्हणाले, "हॉल सोसायटीचा, बारसं सोसायटीचं, मग स्वेटर वैयक्तिक कसा?" मी तोंड उघडेपर्यंत बी विंग उठली. सगळं श्रेय ए विंगने का घ्यावं? तासभर चर्चा होऊन असं ठरलं की डावी बाही ए विंगची, उजवी बी विंगची, पाठ तळमजल्याची आणि पुढचा भाग तरुण पिढीचा. म्हणजे पाठ सोनूबाईंना, पुढचा भाग सुलक्षणाला, डावी बाही मालनला, आधीचं विणलेलं उसवून. बी विंगमध्ये बाही विणू शकेल असं दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून उजवी बाही अंजनाबाईंकडे गेली. त्या सभासद नाहीत असा मुद्दा निघाला. "मी ह्या बिल्डिंगीत तुमच्या आधीपासून येते," असं त्यांनी नानांना ऐकवलं आणि मुद्दा संपला.

मालन जिन्यात मला म्हणाली, "वैनी, आता नुसती एक बाहीच रवली माझ्याकडे."

"चौघी मिळून लवकर होईल," मी म्हटलं. त्या आठवड्यात काशीराम एका रात्रपाळीला गेलाच नव्हता. आणखी रजा घेतली तर मुकादम दुसरा माणूस उभा करेल, हे ती न सांगताही मला दिसत होतं. म्हणून ठरावाचा राग मी गिळला. नाहीतर माझ्या मंडळाचा असा पंचनामा मी होऊ दिला नसता.

वैशाखात सगळे तुकडे आले आणि मी ते हॉलच्या टेबलावर मांडले.

तुम्ही कधी चार वेगळ्या बायकांनी विणलेला एक स्वेटर पाहिला आहे का? माप मी चौघींना एकच दिलं होतं, टाके मोजून दिले होते. पण टाके मोजता येतात, हात मोजता येत नाही. सोनूबाईंची पाठ फळीसारखी ताठ आणि वीतभर अरुंद. सुलक्षणाचा पुढचा भाग उचलला की लांब व्हायचा, खाली ठेवला की रुंद व्हायचा. डाव्या बाहीत काशीरामचा हात बसला असता, उजव्या बाहीत हात घालून वर चार बोटं उरली असती. लोकर चार वेळा आणल्यामुळे करड्या रंगाच्याही चार जाती झाल्या होत्या. नानांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "एकंदरीत सर्वांना प्रतिनिधित्व मिळालंय."

चौघी माझ्याकडे बघत होत्या. कोणाचा तुकडा उसवायला सांगावा तर तिने तो कुठे बसून विणला होता ते मला माहीत होतं. सोनूबाई दुपारची झोप सोडून विणत. सुलक्षणाने सासूच्या टोमण्यांत विणलेला. आणि मालनची बाही निरखून बघितली तर कळत होतं, तीन-चार ओळी सरळ सैल, मग एकदम दोन ओळी करकचून. त्या ओळी कोणत्या रात्रीच्या, ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. मी काही उसवलं नाही. दोन्ही काखांखाली रुंद पट्ट्या विणून घातल्या, पाठीला मध्ये एक जोड दिला, खांदे माझ्या हातांनी पक्के केले आणि गळ्याची किनार इतकी नीट काढली की तेवढाच भाग बघणाऱ्याला स्वेटर चांगला वाटावा. चार दिवस मी घरात स्वयंपाक साधाच केला. तो स्वेटर दिसायला काही खास नव्हता, पण जाड होता आणि उबदार होता, आणि माझं त्याच्यावर प्रेम बसलं होतं.

निरोपसमारंभ रविवारी दुपारी ठेवला, म्हणजे संध्याकाळचा टीव्हीवरचा सिनेमा चुकायला नको. मी म्हटलं होतं की स्वेटर हातात द्या. नाना म्हणाले, लोकांना अंगावर बघायचाय. त्यामुळे हे खुर्चीवर, अंगात सोसायटीचा स्वेटर, डोक्याला बी विंगने ऐनवेळी दिलेली माकडटोपी, मांडीवर नारळ. मेचा तिसरा रविवार होता. पंखा लावला आणि फ्यूज गेला.

नाना बोलायला उभे राहिले. हिमालय, संस्कृती, सहकार असं करत ते पुढे सरकत होते. ह्यांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग जांभळ्याकडे झुकला. टोपीतून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थेंब थेंब नारळावर पडत होता. मी खुणा करत होते, टोपी तरी काढा. हे मान हलवून नाही म्हणत होते. आयुष्यभर ऑफिसात साहेबाच्या धाकाने खुर्चीवर बसलेला हा माणूस आज मित्रासाठी बसून राहिला होता. मला एवढं भरून आलं की नानांचं पुढचं काही ऐकू आलं नाही.

मागच्या रांगेत खोकल्याची उबळ आली. काशीराम होता. पांढरा शर्ट, पायाशी ब्रीफकेस, समारंभ आटोपून तसाच कामावर जाणार. खोकला थांबल्यावर तो बसला नाही. सरळ पुढे आला.

"नाना, थांबा जरा," म्हणाला. त्याने ह्यांच्या डोक्यावरची माकडटोपी काढली. "भाऊराव, हात वर कर."

"अरे, असू दे रे," हे म्हणाले.

"हात वर कर म्हणतो ना. मरशील हंय उगाच."

ह्यांनी लहान मुलासारखे हात वर केले. काशीरामने स्वेटर वरून ओढून काढला आणि डावी बाही हातात धरली.

"ही मालनने विणलीय. महिनाभर माझ्यासमोर बसून विणतेय, मला काय दिसत नाही? आणि भाऊराव बद्रीकेदारला? कुर्ल्याला उतरायचं तरी दहा वेळा विचारतो हा." मग तो लोकांकडे वळला. आवाज चढवला नाही. "हा कुठे जात नाही. मी जातो. नाहूरला मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे खोके उचलतो. ऑफिसबिफिस काय नाय."

हॉलमध्ये कोणी कोणाकडे बघेना. मालनने पदराचा बोळा तोंडावर धरला होता. मला वाटलं, संपलं. हा आता घरी जाईल आणि भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि ते सगळं माझ्या तोंडाने ओढवून घेतलेलं. नानांनी हातातलं भाषण घडी घालून खिशात ठेवलं. मी देवाला म्हटलं, आता ठराव नको.

"आत थंडी कितपत असते हो?" नानांनी विचारलं. विचारतानाचा आवाज चेअरमनचा नव्हता.

"तोंडातून वाफ येते," काशीराम म्हणाला. "बोललेलं दिसतं."

"मी रोज बघते त्याला," दाराजवळून अंजनाबाई म्हणाल्या. "माजं खोकं पयलं काढून देतो. पन मी बोलू कशाला? ज्याचं त्यानी बोलावं."

"मग अजून उशीर कशाला करता?" सोनूबाई म्हणाल्या. "घालून बघ की रे. पाठ माझी आहे."

काशीरामने शर्टावरून स्वेटर चढवला. पाठ बसली. पुढचा भाग थोडा लोंबला. डावी बाही बरोबर मनगटावर आली, उजवी त्याने दोनदा दुमडली. हे खुर्चीवरून उठले आणि मांडीवरचा नारळ त्याच्या हातात दिला. काशीराम म्हणाला, "नारळ घेऊन गोदामात काय करू रे?" तरी त्याने तो घेतला, बगलेत धरला आणि ब्रीफकेस तिथेच विसरून निघाला. भर उन्हात, अंगात करडा स्वेटर, तो सोसायटीच्या फाटकातून कामावर गेला. आम्ही सगळे हॉलच्या दारात गर्दी करून बघत होतो. मालन ब्रीफकेस उचलायला वाकली ती बराच वेळ वर झाली नाही. मी तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिले.

त्या गुरुवारी फळ्यावर काय लिहायचं ते नानांना सुचलं नसावं, कारण फळा कोरा होता. बायका मात्र नेहमीपेक्षा जास्त आल्या होत्या. मालन नवी लोकर घेऊन बसली होती.

"आता कोणासाठी?" सुलक्षणाने विचारलं, आणि विचारून जीभ चावली.

"थंय आणखी माणसा असत," मालन म्हणाली.

एवढ्यात दारात काशीराम दिसला. कामावरचा खाकी शर्ट घातलेला होता. चपला बाहेर काढल्या, आत यावं की न यावं असा क्षणभर घुटमळला, आणि खिशातून सुतळीचे तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले. प्रत्येक तुकड्याला वेगळी गाठ होती.

"वैनी, मापं आणली. हा लहू. तो बारीक आहे, पण त्याला दमा. हा रामचंद्र, त्याचं पोट जरा पुढे आहे, तिथे सैल सोडा." तो खोकला, पण पूर्वीइतका नाही. "गोदामात सांगून आलोय मी. म्हटलं, माझ्या बिल्डिंगमध्ये बायका विणतात."

मी रंग कोणता घ्यायचा ते विचारलं. सोनूबाईंनी हात लांब करून एक सुतळी ओढून घेतली.

"लहूची पाठ माझी," त्या म्हणाल्या आणि टाके घालायला लागल्या.